‘यांचं मला सगळं ठाऊक आहे!’

हॉटेलात वेटर ऑर्डर घ्यायला येतो. नवरा मेनूकार्ड उघडायच्या आत बायको सांगून मोकळी होते, “यांना साधा डोसा, चटणी वेगळी द्या.” नवऱ्याचं लक्ष खरं तर शेजारच्या टेबलावरच्या उत्तप्प्याकडे असतं, पण तीस वर्षांच्या संसारात एवढ्या तेवढ्यावरून कोण वाद घालणार? उलट चित्रही तितकंच ओळखीचं. “हिला विचारायचं काय त्यात, हिला समुद्रच लागतो,” म्हणत नवरा दर मे महिन्यात दापोलीचं बुकिंग करतो, आणि बायको मनातल्या मनात महाबळेश्वरची हवा आठवत बॅग भरते.

दोघंही मनापासून बोलत असतात. जोडीदाराच्या आवडीनिवडी, मतं, एखाद्या गोष्टीकडे बघण्याची त्याची किंवा तिची रीत आपल्याला पाठ आहे, अशी दोघांचीही खात्री असते. ही खात्री कितपत खरी, आणि ती खरी असली किंवा नसली तर नात्याचं काय होतं, याची पडताळणी मानसशास्त्रज्ञ गेली काही दशकं प्रयोगशाळेत करत आहेत. हाती आलेली उत्तरं सरळ नाहीत. काही तर घरातल्या जाणत्या माणसांनाही पटकन पटणार नाहीत अशी आहेत.

दोन वर्षं विरुद्ध चाळीस वर्षं

स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गट होते. एका गटात 38 तरुण जोडपी होती आणि त्यांचा सहवास सरासरी दोन वर्षांचा होता. दुसऱ्या गटात 20 ज्येष्ठ जोडपी होती आणि ती सरासरी चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होती. प्रत्येकाला खाद्यपदार्थ, चित्रपट आणि स्वयंपाकघराची रचना अशा एकूण 118 गोष्टी दाखवल्या गेल्या. “यातलं तुमच्या जोडीदाराला काय किती आवडेल?” एवढाच प्रश्न. उत्तर चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर द्यायचं. म्हणजे डोळे मिटून ठोकताळा मांडला तरी चारातलं एक उत्तर बरोबर यायचंच.

तरुणांचे सुमारे 42 टक्के अंदाज बरोबर आले. चाळीस वर्षांच्या संसारींचे आले साधारण 36 टक्के. रोजच्या ताटातल्या पदार्थांबाबतही ज्येष्ठ मागेच राहिले.

यामागची संशोधकांनी सुचवलेली कारणं घरगुती आहेत. नातं पक्कं झालं की एकमेकांकडे बारकाईनं बघण्याची निकड उरत नाही. आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटू लागलं की नव्यानं काही टिपायचं राहून जातं. शिवाय दीर्घ संसारात छोटी निरुपद्रवी खोटी बोलणी साचत जातात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात “वा, छान झालीये भाजी” म्हटलं, की ती भाजी पुढची चाळीस वर्षं पानात येत राहते.

अर्थात अभ्यास लहान होता, आणि दोन्ही गटांत वयाचाही मोठा फरक होता. तरी सहवासाची वर्षं आणि ओळखीची अचूकता हातात हात घालून चालत नाहीत, हे अन्य अभ्यासांतही दिसलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम स्वान आणि मायकेल गिल यांनी 1997 साली दाखवलं, की नातं जितकं जुनं आणि जितकं गुंतलेलं, तितका जोडीदाराविषयीच्या अंदाजांवरचा विश्वास वाढतो. अंदाजांची अचूकता मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

मनातलं मोजायचं कसं?

इथे एक रास्त शंका येते. आवडनिवड विचारून पडताळता येईल, पण एखाद्याच्या मनात या क्षणी काय चाललंय आणि ते दुसऱ्याला कळलं का, हे मोजणार कसं?

टेक्सासमधल्या विल्यम इक्स यांनी त्यासाठी एक साधी युक्ती शोधली. दोन माणसांचं संभाषण चित्रित करायचं. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ते चित्रण दाखवायचं. “या क्षणी माझ्या मनात अमुक आलं होतं” असं आठवेल तिथे प्रत्येकानं चित्रण थांबवून तो विचार किंवा भावना लिहायची. त्यानंतर नेमक्या त्याच जागी चित्रण थांबवून दुसऱ्याला विचारायचं, “त्यांच्या मनात इथे काय होतं?” दोन्ही कागद समोर ठेवून तिसरीच माणसं ताडून बघतात आणि गुण देतात: अजिबात जुळत नाही, थोडं जुळतं, अगदी तेच.

इक्स यांनी मांडलेला हिशोब असा: अनोळखी माणसं एकमेकांच्या मनातलं साधारण 20 टक्के ओळखतात. जवळचे मित्र आणि नवरा-बायको जेमतेम 35 टक्क्यांपर्यंत पोहोचतात. साठच्या वर जवळपास कुणीच जात नाही. जन्माच्या जोडीदाराला परक्यापेक्षा जास्त कळतं हे खरं, पण फरक आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. न्यूझीलंडमध्ये जेफ थॉमस, गार्थ फ्लेचर आणि क्रेग लँग यांनी हीच पद्धत विवाहित जोडप्यांवर वापरली, तेव्हा लग्नाला जास्त वर्षं झालेल्यांची अचूकता कमी भरली.

अंदाज चुकतो कुठे?

जोडीदाराचं मत ओळखताना माणूस दोन साठ्यांतून माहिती उचलतो.

पहिला साठा म्हणजे आपण स्वतः. ‘आपल्यावरून जग ओळखावं’ हा मनाचा सर्वांत सोपा मार्ग. आणि तो वाटतो तितका मूर्खपणाचा नाही. एकत्र राहणाऱ्यांची मतं बऱ्याच बाबतींत खरोखरच सारखी असतात, त्यामुळे स्वतःचं मत जोडीदाराच्या नावावर खपवलं तरी ते पुष्कळदा बरोबर निघतं. अडचण येते ती जिथे मतं वेगळी असतात तिथे. आईवडिलांना आपल्याकडे आणून ठेवावं का, मुलाला कोणत्या माध्यमात घालावं, पैसे मुदत ठेवीत ठेवावेत की घरात गुंतवावेत, असे संसारातले जड प्रश्न नेमके तिथलेच असतात.

दुसरा साठा जुन्या आठवणींचा. एसटी स्थानकाच्या भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक जसं कधीकाळी अगदी बिनचूक असतं आणि नंतर गाड्या बदलल्या तरी भिंतीवर तसंच राहतं, तसं जोडीदाराविषयीचं हे ज्ञान असतं. पंचविशीतल्या मुलीची नोकरीबद्दलची मतं, देवधर्माबद्दलची ओढ, गर्दीत रमण्याची हौस ही पन्नाशीत तीच राहतील, याची कुणी हमी दिलेली नसते. पण जोडीदार मनातल्या त्या भिंतीकडे बघूनच उत्तर देतो.

यावर कुणी म्हणेल, रोज समोर असलेल्या माणसाच्या वागण्यातून चूक लक्षात येत नाही का? विपणनशास्त्राचे अभ्यासक डॅव्ही लेरूज आणि ल्यूक वार्लोप यांनी 2006 साली नेमकं हेच तपासलं. काही वस्तू दुसऱ्याला कितपत आवडतील याचे अंदाज त्यांनी लोकांना करायला लावले. काहींनी परक्या माणसाबद्दल अंदाज केले, काहींनी स्वतःच्या जोडीदाराबद्दल. मधूनमधून खरी आवडही सांगितली जाई. परक्याच्या बाबतीत लोक त्यावरून शिकत गेले. जोडीदाराच्या बाबतीत जुनी माहिती इतकी भरभक्कम होती, की समोर आलेलं खरं उत्तर तिच्यापुढे फिकं पडलं.

बोलण्यातही हेच घडतं. “इथे जरा गरम होतंय” या वाक्याचे चार अर्थ निघू शकतात: पंखा लाव, खिडकी उघड, बाहेर जाऊ या, किंवा नुसतीच तक्रार. अशी अनेक अर्थांची वाक्यं घेऊन अमेरिकेत केनेथ सॅविट्स्की आणि सहकाऱ्यांनी 24 विवाहित जोडप्यांची परीक्षा घेतली. खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या होत्या, चेहरा दिसत नव्हता. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय हे जोडीदाराला अनोळखी माणसापेक्षा फारसं जास्त कळलं नाही. पण बोलणाऱ्यांना मात्र खात्री होती, की आपल्या माणसाला बरोबर समजलं असणार. परक्याशी बोलताना माणूस वाक्य पूर्ण करतो, घरच्या माणसाशी अर्ध्यावर सोडतो आणि वर “एवढंही कळत नाही का तुला?” असं विचारतो.

कळलं, तर सुख वाढतं का?

एवढ्या चुका होत असतील, तर निम्मी घरं मोडायला हवी होती. तसं होत नाही, आणि त्याचं कारण जोडीदाराला ओळखणं व नातं सुखाचं असणं यांच्यातला धागा फार जाड नाही, हे आहे. 2017 साली याविषयीच्या 21 अभ्यासांचा एकत्रित हिशोब मांडला गेला. मनातलं अचूक ओळखणाऱ्या जोड्या सरासरीनं थोड्या अधिक समाधानी दिसल्या. संबंध आहे, पण बारीक. जोडीदाराचा राग, दुःख, अस्वस्थता अशा नकोशा भावना ओळखण्याच्या बाबतीत तो जरा ठळक होतो.

सरासरी बारीक असण्यामागे एक गुंता आहे. काही ठिकाणी अचूक ओळख नात्याला तारते, काही ठिकाणी तीच बोचते.

तारणारी बाजू लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी यांच्या 2005 सालच्या संशोधनात दिसते. त्यांनी नवविवाहित जोडप्यांचा काही वर्षं मागोवा घेतला. ‘माझा जोडीदार एकूणात फार चांगला आहे’ असं बहुतेक सगळेच म्हणत होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत दुसरं कोण काय म्हणणार? फरक होता तपशिलात. काही बायकांना नवऱ्याच्या नेमक्या जमेच्या बाजू आणि उणिवा बऱ्यापैकी ठाऊक होत्या: हा व्यवस्थित नाही, पण चारचौघांत छान मिसळतो, वगैरे. आणि हे ठाऊक असूनही त्या त्याच्यावर जीव टाकत होत्या. ज्यांचं प्रेम असं डोळस होतं, त्या नवऱ्याला अडचणीत अधिक चांगला आधार देत होत्या आणि त्यांच्यात घटस्फोटाची शक्यताही कमी आढळली. नवऱ्यांच्या बाबतीत मात्र असा संबंध मिळाला नाही.

बोचणारी बाजू तितकीच खरी. जेफ्री सिम्पसन, इक्स आणि टॅमी ब्लॅकस्टोन यांनी 1995 साली प्रेमात असलेल्या 82 जोड्यांवर एक काहीसा खट्याळ प्रयोग केला. जोडीतल्या एकानं दुसऱ्याच्या देखत आकर्षक परक्या व्यक्तींच्या छायाचित्रांना गुण द्यायचे आणि त्यावर दोघांनी बोलायचं. नंतर नेहमीच्या पद्धतीनं मनातलं ओळखायचं. ज्यांचा जीव गुंतलेला होता आणि नात्याच्या भविष्याची मनात धाकधूक होती, त्यांना जोडीदाराच्या मनातलं सर्वांत कमी कळलं. मनानं जणू स्वतःहूनच पडदा ओढून घेतला. चार महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा हा न कळण्याचा संबंध नातं टिकण्याशी दिसला. यांपैकी सिम्पसन आणि इक्स यांनी सहकाऱ्यासह पुढे, 2003 साली, विवाहित जोडप्यांतही पाहिलं की जोडीदाराच्या मनातलं काही नात्याला धक्का देणारं असेल तर ते अचूक कळल्यानं जवळीक घटते; तसं नसेल तर वाढते.

आपल्याकडच्या मोठ्या बायका नव्या सुनेला “काही गोष्टी कानाआड करायच्या असतात” असं सांगत आल्या आहेत. त्या सल्ल्यातून सुनांवर किती अन्याय झाला हा वेगळा विषय आहे, आणि तो मोठा आहे. गैरवर्तन, फसवणूक, मारहाण यांच्याकडे डोळेझाक करण्याला या प्रयोगांचा काडीचाही आधार मिळत नाही. इथे चर्चा आहे ती क्षणभर मनात येऊन जाणाऱ्या विचारांची.

चौकट: तीन गोष्टींची गल्लत

‘आमचे विचार जुळतात’, ‘मी तिला ओळखतो’ आणि ‘तो मला समजून घेतो’ ही वाक्यं बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरली जातात. संशोधक मात्र त्यांना तीन निरनिराळ्या गोष्टी मानतात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष साम्य. 2008 साली 313 अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा चालू असलेल्या नात्यात खऱ्या साम्यापेक्षा ‘आपण सारखे आहोत’ असं वाटण्याचाच ओढीशी संबंध आढळला. दुसरी म्हणजे अचूक ओळख. तिचा समाधानाशी संबंध आहे, पण थोडाच. तिसरी म्हणजे आपल्याला समजून घेतलं जातंय ही भावना, आणि नात्याच्या समाधानात सर्वांत मोठा वाटा हिचाच दिसतो.

परीक्षेत नापास, संसारात पास

नेदरलँड्समध्ये मोनिक पोलमन आणि कॅट्रिन फिंकेनॉअर यांनी 199 नवविवाहित जोडप्यांत दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. जोडीदाराच्या स्वभावाविषयी कुणाला खरी माहिती किती आहे, ही एक. आणि आपण एकमेकांना समजतो असं दोघांना कितपत वाटतं, ही दुसरी. नात्यातलं समाधान दुसरीशी जोडलेलं निघालं. माहितीचा त्यात फारसा हातभार नव्हता.

यावरून ‘म्हणजे सगळा मनाचा खेळ’ असं म्हणून विषय सोडून देण्याचा मोह होतो. पण समजून घेतलं जातंय असं माणसाला वाटतं ते कशामुळे, हे बघितलं की गोष्ट हवेतली राहत नाही. अमेरिकेतल्या 156 जोडप्यांच्या एका अभ्यासात (2012) प्रत्येकाला जोडीदाराबरोबर झालेल्या एखाद्या त्रासदायक प्रसंगावर बोलायला लावलं आणि चित्रण दाखवून दोन प्रश्न विचारले: जोडीदाराला त्या क्षणी काय वाटत होतं? आणि तो किंवा ती तुम्हाला समजून घ्यायचा प्रयत्न करत होती का? ओळख बरोबर ठरण्यापेक्षा ‘प्रयत्न करतोय’ हे दिसण्याचा समाधानाशी अधिक घट्ट संबंध निघाला.

त्याच अभ्यासातला आणखी एक तपशील चघळण्याजोगा आहे. बायकोचा आनंद ज्या पुरुषांना बरोबर ओळखता आला, ते अधिक समाधानी होते. ज्या बायकांच्या जोडीदारांना त्यांची नाराजी बरोबर ओळखता आली, त्या अधिक समाधानी होत्या. “काही झालं नाही” या उत्तराचा खरा अर्थ कळणं बायकोला सुखावतं; नवऱ्याला मात्र, ती खूश आहे एवढं कळलं की पुरतं. हे सरासरीचं चित्र आहे. एखाद्या घरात अगदी उलटही असू शकेल.

भांडणाचंही तसंच. बर्कलीतल्या एमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांच्या सात अभ्यासांच्या मालिकेत (2016) असं दिसलं, की वारंवार खटके उडणं समाधानाला ओरखडे काढतं, पण समोरच्याला आपलं म्हणणं समजतंय असं वाटत असेल तर ते ओरखडे फारसे उमटत नाहीत. एकमत झालं पाहिजे अशी अट त्यात नव्हती. “तुला असं का वाटतं ते कळलं, पण मला पटत नाही,” एवढंही बरंच काम करतं.

कल्पना करून कळतं का?

समजूतदारपणाचा सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणं. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली तब्बल 25 प्रयोगांतून हा उपाय तपासला. चेहऱ्यावरून भावना ओळखणं, खोटं हसू पकडणं, जोडीदाराला कोणते उद्योग आवडतील आणि कोणत्या बाबतीत त्याचं मत काय असेल हे सांगणं, अशा नाना परीक्षा घेतल्या. “क्षणभर त्यांच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा,” असं सांगितल्यानं अचूकता वाढल्याचं कुठेही सातत्यानं दिसलं नाही. झालीच तर किंचित घटली. स्वतःवरून दुसऱ्याला जोखण्याची खोड कमी झाली, पण तिच्या जागी जी कल्पना आली तीही चुकीचीच होती. कारण उघड आहे. नवी माहिती कुठूनच आलेली नसते.

शेवटच्या प्रयोगात आधी सरळ बोलून जोडीदाराचं मत विचारायची मुभा दिली. तेव्हा मात्र अचूकता वाढली.

मग विचारलं की झालं? डोसा की उत्तप्पा इथपर्यंत, हो. पण जिथे जोडीदाराचं मत ओळखणं जिवाशी येतं, तिथे बोलणंही पुरतं असं नाही. स्वतः बोलता येत नसलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटर हवा असता का, नळीवाटे अन्न हवं असतं का, हे बहुधा नवऱ्याला किंवा बायकोलाच विचारलं जातं. अशा 16 अभ्यासांच्या 2006 सालच्या आढाव्यात जवळच्या माणसांची उत्तरं 68 टक्के वेळा बरोबर निघाली. म्हणजे साधारण दर तीन निर्णयांतला एक रुग्णाच्या इच्छेशी विसंगत. अमेरिकेत पीटर डिट्टो आणि सहकाऱ्यांनी 65 वर्षांवरच्या 401 रुग्णांच्या बाबतीत यावर उपाय करून पाहिला (2001). रुग्णाच्या इच्छा लिहून घेतल्या आणि काही गटांत घरच्या माणसाबरोबर त्यांवर चर्चाही घडवली. अंदाज सुधारले नाहीत. मात्र ज्यांनी आधी असं काही लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यांच्यात चर्चेनंतर ‘आता आम्हाला एकमेकांचं कळतंय’ ही भावना आणि मनाचा निश्चिंतपणा वाढला.

म्हणूनच अशा प्रसंगी ओळखीवर विसंबण्यापेक्षा कागद बरा. भारतात सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 रोजी असं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, ग्राह्य धरलं आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. निर्णयासाठी एकाहून अधिक नातेवाइकांची नावं त्यात घालता येतात. एक प्रत महापालिका किंवा अन्य स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते आणि घरचे डॉक्टर असतील तर एक त्यांच्याकडे.